उरलेले अडीच सेंटिमीटर

"हाड ठरल्यापेक्षा लवकर जुळलंय," एक्स-रे दाखवत डॉक्टर म्हणाले. "उंची साडेचार सेंटिमीटर वाढली. सातपर्यंत न्यायची, तर दोन्ही पायांची हाडं पुन्हा कापावी लागतील."

लोक बुटका म्हणतात म्हणून निमिषने हौसेने पायांची हाडं कापून उंची वाढवायचं हे ऑपरेशन करून घेतलं होतं. कापलेल्या हाडांमधलं अंतर हळूहळू वाढावं म्हणून पायांभोवती बसवलेल्या रिंगांचे स्क्रू गेले दोन महिने त्याची थोरली बहीण रोज फिरवत होती.

"आणि नाही कापली तर?" त्याने विचारलं.

"हाड पक्कं झालं की रिंगा काढायच्या आणि चालायला लागायचं."

चालायला! निमिषला एकदम हसूच आलं. पूर्वी तो खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांची उंची बघायचा. हल्ली मात्र त्यांची चालच बघत बसायचा.

"मग नको कापायला, डॉक्टर."

"नक्की ना रे?" बहीण म्हणाली. "नंतर अडीच सेंटिमीटरसाठी झुरत बसशील."

"बसायला घरी सापडलो तर ना, ताई!"

वर्षभराने दोघं टेकडी चढले. माथ्यावर पोहोचताच निमिष आनंदाने एवढ्या जोरात ओरडला, की बाकावरचे आजोबा दचकले. काय झालं ते ऐकल्यावर तेही उठले आणि त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले.