उलटं मुखपृष्ठ

चित्रकार गेल्यावर त्यांच्या पत्नीने त्यांचं आत्मचित्र पुस्तकासाठी दिलं, ते एकाच अटीवर: "एक रेघ इकडची तिकडे झालेली चालणार नाही." कलेच्या इतिहासात हयात घालवलेल्या प्रकाशिकेने एकेक रंग मूळ चित्राशी ताडून पाहिला. रंगांच्या नादात चित्र उजवं-डावं उलटं झाल्याचं मात्र तिला कळलं ते पुस्तकं बांधून आल्यावर. प्रत घेऊन ती स्वतःच गेली.

"काकू, चूक माझी. चित्र उलटं छापलंय. सगळी मुखपृष्ठं बदलते." ती उभीच होती.

काकूंनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिल्या.

"भांग डावीकडे आलाय."

"हो. मूळ चित्रात उजवीकडे आहे."

"आरशात बघून काढलं होतं ना. 'हुबेहूब मीच की नाही?' विचारायचे. मी हो म्हणायचे. पण भिंतीवर यांचा कुणी चुलतभाऊ येऊन बसलाय, असंच वाटायचं."

प्रकाशिका तेव्हा कुठे खुर्चीला टेकली.

"बाकीची बदल खुशाल," पुस्तक मांडीवर घेत काकू म्हणाल्या, "ही प्रत मात्र मिळायची नाही. यात हे आहेत."