तांदळावरचे नाव

काचेपलीकडे मृण्मयीची कधीच वारलेली पणजी आकाराला आली. जनगणना, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींतून यंत्राने तिला विणले होते. नोंदींना जेवढे ठाऊक, तेवढेच तिलाही.

मृण्मयीने तान्ही मुलगी पुढे धरली. "पणजी, उद्या हिचं बारसं. तुझं माहेरचं नाव ठेवायचंय."

"अन्नपूर्णा."

"ते सासरचं गं."

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेल्या त्या नव्या नावानेच साऱ्या नोंदी सुरू होत होत्या. त्याआधीची मुलगी कुठल्याच कागदावर उतरली नव्हती.

पणजी बाळाकडे पाहत राहिली. मग परक्या दारात उभ्या पाहुणीच्या संकोचाने तिने विचारले, "पोरी, माझी आई मला काय म्हणून हाक मारायची, ते तुमच्यात कुणालाच आठवत नाही का गं?"