बिनफाट्याचे ठिपके

पळसदेवच्या सायकलवाल्या सावळारामनं नळीच्या तोंडाशी सायकलच्या चार आऱ्यांवर छोटा आरसा टांगून दुर्बीण बनवली, तेव्हा शिकलेली माणसं दात काढून हसली. सत्त्याण्णव साली तिच्यातून काढलेले फोटो तो इंदापूरच्या स्टुडिओत बघत होता.

“ताऱ्यांना बी चार-चार आऱ्या बसवल्यास व्हय?” फोटोवाले तात्या म्हणाले.

“बाहेरनं येणाऱ्या उजेडाला ह्या आऱ्या चार फाटे फोडत्यातच, तात्या.”

“मग हे डोळ्यांगत दोन ठिपके बिनफाट्याचे कसं?”

सावळाराम गारठला. तो उजेड बाहेरचा नव्हताच. आऱ्यांच्या मागं, नळीच्या आतला होता. आणि आज बायको विजयमाला नळीच्या तळाचा मोठा आरसा पुसणार होती.

वडापची जीप पकडून तो घराच्या दारात पोचला. विजयमालाचा हात खांद्यापर्यंत नळीत होता. मागं न बघता ती नळीत हसून म्हणाली, “अवं, सोडा की आतनं हात.”