नोटिशीतला शब्द

“डिस्पॅरेज,” फोरमनने अक्षरे लावत वाचले आणि कागद बायकोपुढे सरकवला. “हे मी काय केलंय म्हणे?”

ती तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली होती. चष्मा लावून तिने नोटीस शेवटपर्यंत वाचली. कारखान्यात काम शिकायला आलेली एक मुलगी, फोरमन चारचौघांत टाकून बोलला म्हणून, चार दिवस फिरकली नव्हती. तिची तक्रार मान्य की अमान्य, हे फोरमनने उद्यापर्यंत लेखी कळवायचे होते. अमान्य असेल तर गैरहजेरीबद्दल तिचे नाव पटावरून उतरणार होते.

“कमी लेखणं,” ती म्हणाली. “माणसाची, त्याच्या कामाची किंमत बोलून उतरवणं. शिवीगाळीला नाही वापरत हा शब्द. शिवी देणारा निदान चिडलेला तरी असतो. हे हसत हसत केलं तरी चालतं.”

“वाक्यात उपयोग करून सांगा, बाई.”

“तुम्हीच सांगा. काय म्हणालात तिला?”

“म्हटलं, कानस धरलीयेस की लाटणं?” फोरमनला स्वतःलाच हसू आले. “अगं, एवढ्यावर तक्रार? आम्हाला शिकवणारे मिस्त्री असते तर!”

आणि तो आठवणीत रमला. पत्र्याची ती शेड, तेलाचा वास, काम घट्ट पकडून ठेवणारे, ओळीने लावलेले शेगडे. मिस्त्री मागे येऊन उभे राहत. पाऊल वाजत नसे, तंबाखूचा वास तेवढा आधी येई.

“‘हात स्वतःचे आहेत की उसने आणलेत?’ म्हणायचे. एकदा मी कानशीने घासलेला लोखंडी ठोकळा सगळ्यांना दाखवून म्हणाले, ‘याच्यापेक्षा गंज बरा, निदान सारखा तरी खातो!’ अख्खी शेड हसली. मीसुद्धा हसलो. त्यातूनच तर घडलो!”

हा किस्सा ती लग्नापासून ऐकत आली होती, आणि दर वेळी हसत आली होती. आज तिने विचारले, “तुमच्या जोडीला आणखी एक जण होता ना शिकायला? तो हसायचा?”

“तो?” फोरमन थांबला. “तो गेला सोडून. दुसऱ्याच वर्षी.”

“का?”

किस्सा इथवर कधी आलाच नव्हता. फोरमन अंगठ्याने टेबलाची कड चाचपत राहिला, जणू कुठे उंचवटा राहिला आहे का ते पाहत होता.

“ठोकळा घासून झाला की काटकोनाचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचा असतो,” तो म्हणाला. “मधून उजेडाची रेघ दिसली, की काम कच्चं. माझ्या ठोकळ्यात दिसायची. त्याच्या कधी दिसली नाही.”

“हे मिस्त्रींनी त्याला सांगितलं होतं?”

“मला सांगितलं. तो गेल्यावर.”

पेनाचे टोपण काढून तिने पेन त्याच्यापुढे ठेवले.

फोरमनने ‘मान्य’ या शब्दासमोर सही केली. खाली चार बोटे जागा कोरी उरली होती. त्या जागेवर पेन टेकवून तो थबकला.

“मुलीचा हात चांगला आहे,” तो म्हणाला. “हे इंग्रजीत कसं लिहितात?”