प्लग काढलेला ज्यूकबॉक्स

"इस्माईलनं न विचारताच तारेला हात लावला, असं तुमी कागदावर खोटं लिहिलं, साहेब!" शेलूबाजारच्या हॉटेलात ज्यूकबॉक्सची पाठ उघडत जब्बार मेकॅनिक म्हणाला. त्याचा भाऊ इस्माईल वायरमन खांबावर चिकटून मेला, त्याला महिना झाला होता.

वीज मंडळाचे साहेब बशीत चहा ओतत हसले. "मेलेल्याची चूक मेलेल्याच्याच नावावर राह्यते, बाप्पा. तू गाणं वाजव."

जब्बार दारातून बाहेर थुंकला. असल्या माणसाला शिवी देणं म्हणजे शिवीची नासाडी.

वायरमनची रीत साधी. खांबावरून "बंद हाय का?" विचारायचं, खालून "बंद" असा जवाब आल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. इस्माईलनं ही रीत एकदाही मोडली नव्हती. त्या दिवशी खाली जवाब द्यायला हेच साहेब उभे होते.

जब्बारनं फ्यूज तपासला. शाबूत होता. मग प्लग काढून मांडीवर घेतला अन् पेचकस टेकवून कंडेन्सरमधला उरलासुरला करंटही काढून टाकला.

तरी आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले.

टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही.

स्पीकर खरखरला. मग खूप उंचावरून हाक मारावी तसा आवाज आला, "साहेब, बंद हाय का?"

साहेबांची बशी कलंडली. "तार तोड ना रे!"

जब्बारनं स्पीकरची तार कापली. आवाज आणखी जवळ आला.

"बंद हाय का, साहेब?"

साहेब जब्बारच्या मांडीवरच्या प्लगकडे पाहत राहिले.

जब्बारनं दोन्ही हात मागं घेतले.

"वर थांबून राह्यला तो. द्या की जवाब!"