ओडिया पाटी

ओडिशाहून आलेल्या मिनतीला कारखान्यात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच रंगखात्याच्या भिंतीवर सूचनांची ओडिया पाटी लागली. अनुसयाच्या पोटात दुखलं. तिची उभी हयात न कळणाऱ्या इंग्रजी पाटीखाली गेली होती.

"राणीसाहेबांचे लाड बघा!" बोटांचा रंग थिनरने धुता धुता ती फणकारली. सगळ्या बायका तशाच धुवायच्या. मिनती तेवढी साबण घेऊन बसली होती.

"लाड नाही, मौसी," मिनती मोडक्या मराठीत म्हणाली. "मी बोलले, समजल्याशिवाय रंगाचा डबा उघडणार नाही."

"असं काय लिहिलंय त्यात?"

"थिनरने हात धुऊ नका. कातडी फाटते."

मिनतीच्या मऊ हातांवरही अनुसया जळायची. कोवळं वय, दुसरं काय, म्हणायची. आपले भेगाळलेले हात तिने झटकन पदराआड घेतले आणि केबिनकडे बघत कडाडली, "साहेब, आमची मराठी पाटी कुठाय?"