सातवा खिळा

“रेघेवर पाय देऊ नकोस, अक्का!” सुकदेव ओरडला.

भागाबाई थांबली नाही. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ती विठ्ठलाच्या देवळापुढच्या पटांगणात शिरली आणि नेमकी पांढऱ्या रेघेवर उभी राहिली.

पटांगण नव्वद फूट लांब. सप्ताहासाठी चोपलेलं, काल पहिला हात सारवलेलं. वाळून काळसर झालेल्या त्या जमिनीवर सुकदेवाने उजाडल्यापासून खडूने अख्खी बोट काढली होती, ऐंशी फुटांची, खरोखरच्या मापाची. मुंबईच्या ज्या गोदीत तो बोटींचे नकाशे काढी, तिथे असं मांडायला काळी रंगवलेली लाकडी जमीन असते. पण तिच्यावर सध्या दुसऱ्याचं काम होतं. एका संस्थानिकाला समुद्रात मौजेने हिंडायला मोटारबोट हवी होती. तिचा सुकदेवाने काढलेला नकाशा गोदीतल्या साहेबाने दोनदा परत फेकला होता. “बोटीच्या कुशीला कुबड आहे. कुठे, ते तूच शोध. तिसऱ्यांदा चुकलास तर काम दुसऱ्याचं.” मुंबईला परतायला दोंडाईच्याहून संध्याकाळची गाडी गाठायची होती, आणि कुबड अजून सापडलं नव्हतं.

पण दुपारी कीर्तनकार महाराज यायचे होते. त्याआधी दुसरा हात फिरून वाळलाच पाहिजे, ही गावाची रीत.

“काय काय शे रे तुन्या बोटमा?” ओट्यावर पखवाजाला कणीक लावत बसलेल्या निंबाने विचारलं.

“दिवाणखाना. सहा खोल्या. न्हाणीघर.”

“बठ्ठा समुद्र खाले, आनी वर न्हाणीघर!”

ओटा हसला.

“हसा. तापीपलीकडचं पाणी पाहिलंय का कुणी? अडाणी ते अडाणीच राहणार.”

हसू तिथेच थांबलं. लोटनआबा, सप्ताहाचे पुढारी, खांबाला टेकून बसले होते. ते उठून पायरीवर आले. वेशीकडच्या टोकाला, बोटीच्या नाकाखाली, सुकदेवाने वीतभर अक्षरांत आपलं नाव लिहिलं होतं. आबांनी काठीने तिकडे दाखवलं.

“देवना आंगनमा सोतानं नाव? भागा, कर सुरू. बठ्ठं पुसी टाक.”

“आबा, माझी मापं व्हायचीत!”

“मंग पय तिन्या पुढे.”

भागाबाईने पदर खोचला. देवाकडे तोंड करून, मागे मागे सरकत ती सारवू लागली. तिचा हात अर्धगोल फिरे, एका फेऱ्याला दुसरा चिकटून. बोटीची पहिली आडवी फासळी पुसली गेली, दुसरी गेली. तिच्या पाठीमागे सुकदेव गुडघ्यांवर रांगत, शिव्या पुटपुटत, पुढची मापं वहीत उतरवत होता.

सातव्या फासळीशी तिचा हात थांबला.

“हाई रेघ आठे अडकस.”

“तुला कोणी विचारलं, अक्का?”

“जमीन जठे वर येल ऱ्हास, तठे मना हात अडकस. हाई तशीच शे. तो खिया उपट.”

सागाची लांब, पातळ पट्टी खिळ्याखिळ्यांमधून वाकवून त्याने बोटीच्या कुशीची ती रेघ ओढली होती. पट्टी अजून जागेवरच होती. दर फासळीला एक खिळा, वहीतल्या आकड्याप्रमाणे ठोकलेला.

“आकडे दोनदा तपासलेत मी. शेण सारवणाऱ्या बाईने मला बोट शिकवायची? खिळ्याला हात लावलास तर याद राख!”

तिने लावला. शेणाने भरलेल्या बोटांनी खिळा दोनदा हलवला आणि उपटून पाटीत टाकला.

पट्टी फटकन सुटली. थरथरली. मग सहाव्या आणि आठव्या खिळ्याच्या मधे, कुणी न दाबता, आपल्या आपण एका वळणावर शांत झाली.

सुकदेव हात उगारून धावला होता. हात तसाच वर राहिला.

तो खाली बसला. गाल जमिनीला टेकवून त्याने पट्टीच्या रेषेत एक डोळा लावला. पट्टी बोटीच्या नाकापर्यंत एकसलग गेली होती, कुबड कुठेच नव्हतं. जुन्या रेघेपासून ती सव्वा इंच आत होती. वहीतला सातवा आकडा त्याच्याच हातचा होता. दोन्ही वेळा त्याने तो त्याच वहीतून तपासला होता.

ओट्यावरून निंबाचा आवाज आला. “मुंबईले हाईच शिकाडतस का रे, भो?”

सुकदेवाने आकडा खोडला. पेन्सिलीचं टोक मोडलं. नखाने लाकूड सोलून त्याने नवा आकडा लिहिला.

“अक्का...”

“बोलू नको. शेन सुकी ऱ्हायनं.”

तिने मान वळवली नाही. तिच्यासाठी खिळे काढून पट्टी त्यालाच उचलून बाजूला ठेवावी लागली. आठवी, नववी, दहावी. तो माप घेई, लिही, सरके. ती येई आणि पुसे. पखवाजावर निंबाने थाप मारून पाहिली. सूर अजून जुळला नव्हता.

शेवटी वेशीकडचं टोक आलं. सुकदेव आपल्या नावाशी उभा होता, वही छातीशी धरून. माप घ्यायचं काही उरलं नव्हतं.

“एवढं राहू दे. महाराज येतील तेव्हा बघतील तरी.”

भागाबाईचा हात फिरला. पहिली दोन अक्षरं गेली. हात पुन्हा फिरला आणि त्याच्या टाचेशी येऊन थांबला.

“पाय उचल.”

त्याने उचलला. त्याखालचं अक्षर तिने पुसलं, मग त्याच्या टाचेचा ठसा. मग ती स्वतः मागे सरकत वेशीबाहेर गेली, आणि जाताना तिने आपल्या दोन्ही पावलांचे ठसेही पुसून घेतले.